दार अडवून उभा असलेला खेळाडू

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)

जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय. विषय गेमचा ठेवला की मागच्या रांगेतली मंडळी तरी जागी राहतील, असा संयोजकांचा हिशेब असावा.

पत्रिकेवर 'ऑनलाइन गेम आणि तरुण पिढी' असं छापलंय. त्यावर मी बोलणार नाही. गेममुळे पोरं बिघडतात का, डोळे खराब होतात का, अभ्यास बुडतो का, हे सगळं तुम्ही घरी अम्मी-अब्बांकडून ऐकताच. मी गेमच्या सर्व्हरचं काम करते. त्या कामातला एक छोटासा तांत्रिक प्रश्न मला तुमच्यासमोर ठेवायचा आहे. गेममध्ये दोन खेळाडू समोरासमोर आले, तर त्यांनी एकमेकांना धडकावं की एकमेकांच्या आरपार निघून जावं?

सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना पहिला प्रकार ठाऊक आहे. दारात आपलाच गडी थांबला की मागचे सगळे अडकतात, आणि मग जे शब्द निघतात ते या सभागृहात बोलता येणार नाहीत. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना दुसरा प्रकार ठाऊक आहे. तिथं आपल्या टीममधल्याच्या अंगातून तुम्ही हवेतून गेल्यासारखे सरळ निघून जाता. या धडकण्याला गेमच्या धंद्यात प्लेअर कोलिजन म्हणतात.

पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात हा प्रश्न फार मोठा नाही. सामना संपतो, सगळे घरी जातात. पण ज्या गेममध्ये हजारो लोक एकाच जगात वर्षानुवर्षं राहतात, घरं बांधतात, दुकानं चालवतात, त्या रोल-प्लेइंग गेममध्ये हाच प्रश्न वस्तीचा होऊन बसतो. गल्ली कोणाची, दारात कोण उभं राहणार, कोणी वाट अडवली तर तक्रार कोणाकडे करायची, असे सगळे प्रश्न त्यातून निघतात.

एव्हरक्वेस्ट हा गेम 1999 साली आला. त्यात खेळाडूंची शरीरं ठोस होती. ओगर आणि ट्रोल या जमाती अंगानं अवाढव्य. गुहेतल्या अरुंद बोळात एखादा ओगर उभा राहिला की बोळ बंद. म्हणून शामन लोकांचा शरीर लहान करणारा मंत्र तिथं फार लाडका होता. लढाईत त्याचा उपयोग नव्हता, पण गुहेत शिरायच्या आधी आपल्या ओगर मित्राला बुटका करून घेतलेलं बरं असायचं.

आता समजा, हा ओगर दारात बसला आहे. त्यामागचा माणूस कीबोर्ड सोडून चहा प्यायला गेलाय. त्याच्या मनात काही वाईट नाही. शेजारच्या गुहेच्या दारातही तसाच एक ओगर बसलाय. त्याच्यामागचा माणूस स्क्रीनसमोरच आहे, आत अडकलेल्या चौघांची तडफड बघतोय आणि हसतोय. सर्व्हरला या दोघांत काहीच फरक दिसत नाही. सर्व्हरच्या लेखी एवढंच की अमुक जागा व्यापलेली आहे. नियत सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

त्या दुसऱ्या ओगरच्या वागण्याला ग्रीफिंग म्हणतात. गेम जिंकणं हा त्याचा हेतू नसतो. समोरच्याचा खेळ बिघडवणं हाच त्याचा खेळ. रिचर्ड बार्टल यांनी 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर मड हा पहिल्या पिढीतला बहुखेळाडू गेम बनवला. पुढे 1996 साली त्यांनी एक प्रसिद्ध लेख लिहून खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काही जण गुण आणि बक्षिसं मिळवायला येतात, काही जग धुंडाळायला, काही गप्पा मारायला, आणि चौथे इतर माणसांवर आपली सत्ता चालवून बघायला. त्यांनी पत्त्यांचे रंगही वाटले. चौथ्यांना किल्वर दिलं, कारण इंग्रजीत किल्वराचं नाव सोट्याच्या अर्थाचं आहे.

एव्हरक्वेस्टमध्ये आणखी एक खोडी चाले, तिला ट्रेन म्हणत. वीस-पंचवीस राक्षसांना चिडवून मागे लावून घ्यायचं, पळत पळत दुसऱ्या गटाजवळ जायचं आणि आपण निसटायचं. राक्षस त्या गटावर तुटून पडतात. नोंद काय होते? राक्षसांनी माणसं मारली. ज्यानं आणले त्याचा हात कुठेच दिसत नाही. कंपनीला शेवटी 'प्ले नाइस पॉलिसी' नावाची नियमावली काढावी लागली आणि ती राबवायला माणसं बसवावी लागली.

हे सांगण्याचं कारण असं, की पुढचे सगळे उपाय मी एकाच कसोटीवर घासून बघणार आहे. वाट अडवली गेली, तर किंमत कोण मोजतो? अडवणारा, अडलेला, की सगळेच?

अल्टिमा ऑनलाइन हा गेम 1997 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. त्याचं उत्तर मला फार बोलकं वाटतं. वाटेत कोणी उभा असेल तर त्याला ढकलून पुढे जाता येतं, पण तुमच्यात पूर्ण दम असेल तरच. ढकललं की दम खर्च होतो. पूर्ण दम नसेल तर थांबा, श्वास घ्या, मग ढकला. ऐकायला न्याय्य वाटतं. खऱ्या आयुष्यातही गर्दीतून वाट काढताना दम लागतोच.

पण विचार करा, दम कधी संपलेला असतो? पळताना, मार खाल्ल्यावर. म्हणजे मागे तलवार घेऊन खुनी लागलाय, समोर त्याचा साथीदार दारात नुसता उभा आहे. तलवार त्यानं काढलेली नाही. गुन्हा त्याच्या नावावर काहीच नाही. आणि नियम तुम्हाला सांगतो, आधी विश्रांती घ्या. अडवणाऱ्याला उभं राहायला एक पैसा पडत नाही, सगळी किंमत अडलेल्याच्या दमातून वसूल होते. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांनी गर्दीतला माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, पळणारा माणूस ठेवला नव्हता.

2000 साली त्या कंपनीनं अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली. जुन्या जगाचं नाव फेलुका, तिथं जुनेच नियम. नव्या जगाचं नाव ट्रॅमल. तिथं समोरच्याच्या संमतीशिवाय हल्ला करता येत नाही आणि उभ्या माणसाच्या अंगावरून दम न घालवता चालत जाता येतं. लोक भराभर ट्रॅमलमध्ये राहायला गेले. जुने खेळाडू आजही हळहळतात, की त्या दिवसापासून गेमची मजा गेली, खुन्यांच्या मागावर जाणारे चांगले गट बिनकामाचे झाले, शेजारी शेजाऱ्याच्या मदतीला धावेनासा झाला. त्यात थोडं तथ्य आहे. धोका असतो तिथं सोबतीला किंमत असते. पण एक लक्षात ठेवा, अशा आठवणी लिहिणारे बहुतेक जण टिकून राहिलेले असतात. पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा लुटला जाऊन ज्यानं गेम कायमचा काढून टाकला, तो आठवणी लिहीत नाही.

यानंतर थोडं तंत्र सांगते, कारण सगळा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलणं मला पटत नाही. धडक बसली की नाही, हे ठरवणं कॉम्प्युटरला जड जातं. एका मैदानात 100 खेळाडू असतील तर जोड्या होतात 4,950. 200 खेळाडू झाले तर 19,900. माणसं दुप्पट, जोड्या चौपट. मैदानाचे चौकोन पाडून फक्त जवळच्या जोड्या तपासल्या तर काम पुष्कळ हलकं होतं. पण सगळी माणसं बाजारपेठेत एकाच चौकात जमली, तर चौकोन पाडून फायदा काय?

दुसरी अडचण लॅगची. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला खेळाडू सेकंदाला 7 यार्ड धावतो, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास. तुमचं पिंग 200 असेल, तर तेवढ्या वेळात तो सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. तुमच्या स्क्रीनवर वाट मोकळी आहे, त्याच्या स्क्रीनवर तो दारात पोचलाय. कोणाचं खरं? सर्व्हर एकाचं खरं मानतो आणि दुसऱ्याला झटका देऊन मागे फेकतो. भिंत हलत नाही, म्हणून भिंतीची धडक सोपी. माणसं हलतात, आणि प्रत्येकाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर माणूस थोडा वेगळ्या जागी असतो. ज्याचं नेट चांगलं त्याचं चित्र ताजं. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून खेळणाऱ्या मुलाला हे वेगळं सांगायला नको.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्यानं प्रश्नच रद्द केला. खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत. पोस्टाच्या पेटीसमोर चाळीस माणसं एकमेकांच्या अंगात उभी राहू शकतात. सर्वांना भूत करून टाकलं. किंमत सगळ्यांनी थोडी थोडी मोजली.

भूत ही कल्पना नवी नाही. 1986 साली लुकासफिल्म कंपनीनं हॅबिटॅट नावाचं जग कमोडोर 64 या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. त्यात खेळाडूला भूत होता येत असे. भुताला आजूबाजूचं सगळं बघता येई, पण हातात काही घेता येत नसे. त्या जगात चोऱ्या आणि खून सुरू झाले, तेव्हा तिथल्याच एका खेळाडूनं, जो खऱ्या आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होता, गेमच्या आत एक चर्च काढलं. अनुयायांनी शस्त्र बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, हिंसेत पडायचं नाही. तंत्र थकलं तिथं माणसांनी आपसात वचनं घेतली. मला हा प्रसंग फार आवडतो, पण आज त्यात जास्त शिरत नाही.

तर वॉरक्राफ्टनं सगळ्यांना भूत केलं. ग्रीफिंग थांबलं का? लोकांनी अंगानं प्रचंड असे मॅमथ हत्ती घेतले आणि ते नेमके काम देणाऱ्या पात्राच्या अंगावर नेऊन उभे केले. वाट मोकळी, पण ज्याच्यावर क्लिक करायचं तो हत्तीखाली गडप. 2005 च्या सप्टेंबरमध्ये एका राक्षसाच्या शापातून पसरणारा रोग चुकून शहरात आला, तेव्हा काही जण तो मुद्दाम गर्दीत घेऊन गेले. त्या साथीवर 2007 साली साथरोगतज्ज्ञांनी शास्त्रीय नियतकालिकात लिहिलंसुद्धा.

आणि 2006 चा तो प्रसंग. वॉरक्राफ्टमधल्या एका खेळाडूचं खऱ्या आयुष्यात निधन झालं. तिच्या गेममधल्या मित्रांनी बर्फाळ प्रदेशातल्या एका तळ्याकाठी शोकसभा ठेवली. तिचं पात्र तिथं उभं केलं. लोक शस्त्र न चालवता रांगेनं येत होते, थांबत होते. सभेची माहिती आधी जाहीर केली होती, कारण जास्तीत जास्त लोकांनी यावं ही इच्छा. दुसऱ्या पक्षाचा एक गट आला आणि सगळ्यांना कापून गेला. त्याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला.

नियम मोडला गेला का? नाही. ती जागा उघड्या लढाईची होती, पक्ष शत्रू होते. त्यावर आजतागायत वाद चालतो. एक बाजू म्हणते, लढाईच्या मैदानात सभा ठेवलीत कशाला. हे वाक्य नीट ऐका. तुम्ही तिथं गेलातच कशाला, ते कपडे घातलेच कशाला, ते नाव ठेवलंच कशाला. मयतीला आलेल्यांवर तलवार चालवायची नसते, हे कुठल्याही मोहल्ल्यातल्या सहा वर्षांच्या पोराला कळतं. ते नियमात लिहिलेलं नव्हतं, एवढाच बचाव. आणि अंगाला अंग न लागणारं भुतांचं जग त्या शोकसभेला वाचवू शकलं नाही. उलट, त्या सभेभोवती मित्रांना ढाली लावून कडं करता आलं नसतं, हेही खरं. शरीरच ठोस नसेल, तर कोणाच्या पुढे उभं राहून त्याला वाचवता येत नाही.

वाट अडवण्याची शक्ती काढून टाकली की आडवं येऊन कोणाला वाचवण्याची शक्तीही जाते. दोन्ही एकच शक्ती आहे.

2008 साली आलेल्या वॉरहॅमर ऑनलाइननं यावर एक चांगला तोडगा काढला. तो गेम 2013 च्या डिसेंबरमध्ये बंद पडला, म्हणून आज त्याचं नाव कोणी घेत नाही. तिथं दोन बाजूंच्या युद्धात धडक फक्त शत्रूशी बसायची. आपल्या माणसातून आरपार जाता यायचं. त्यामुळे किल्ल्याच्या जिन्यावर ढालवाले टँक खांद्याला खांदा लावून उभे राहिले, की शत्रूला खरोखर थांबावं लागायचं आणि मागचे हीलर वाचायचे. पण आपल्याच दारात आपलाच माणूस अडथळा होऊ शकत नव्हता. माइनक्राफ्टनं 2016 साली, 1.9 या आवृत्तीपासून, वेगळा मार्ग घेतला. खेळाडू एकमेकांना अडवत नाहीत, हलकेच बाजूला सारतात, आणि सर्व्हर चालवणाऱ्याला टीमनिहाय ठरवता येतं की कोण कोणाला धक्का देऊ शकेल. धडक हवी की नको, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणाशी, कुठे आणि किती, हेही त्यांनी ठरवलं.

आता माझ्या आवडत्या उदाहरणाकडे येते. ईव्ह ऑनलाइन. 2003 च्या मे महिन्यात सुरू झालेला, आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम. यात तुम्ही जहाज चालवता आणि जहाजं एकमेकांवर आदळतात. आदळल्यानं नुकसान होत नाही, जहाज फक्त ढकललं जातं. पण लांबची उडी मारायची असेल तर जहाजाचं तोंड योग्य दिशेला हवं आणि वेग कमाल वेगाच्या तीन चतुर्थांश हवा. कोणी सतत धक्के मारत राहिला तर उडी घेताच येत नाही. मालवाहू जहाजाला असं धक्क्यांनी अडकवून ठेवायचं आणि दरम्यान लुटारूंची टोळी बोलवायची, हा तिथला धंदा झाला. सुरक्षित प्रदेशात पोलीस आहेत. पण पोलीस बंदूक चालली तरच येतात, धक्क्याला ते गुन्हा मानत नाहीत.

2012 च्या सुमारास एका टोळीनं खाणकाम करणाऱ्यांना धक्के मारायला सुरुवात केली आणि परवाना विकायला काढला. वर्षाचे एक कोटी इस्क भरा, निवांत खाणकाम करा. इस्क म्हणजे तिथलं चलन. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात.

तक्रारी गेल्या. कंपनीनं निर्णय दिला तो असा: धक्का मारणं हा खेळाचाच भाग आहे, त्यावर बंदी नाही. पण समोरचा माणूस ती जागा सोडून दुसरीकडे निघून गेला आणि तरी तुम्ही त्याचा माग काढत जाऊन धक्के मारत राहिलात, तर तो छळ धरला जाऊ शकतो. पुढे आणखी एक नियम आला. जहाज तीन मिनिटं उडी मारायचा प्रयत्न करत असेल आणि त्याला कोणी रीतसर शस्त्र वापरून जखडलेलं नसेल, तर धक्के बसत असले तरी उडी होईल. ज्याला अडवायचं आहे त्यानं उघडपणे अडवावं, गुन्हा अंगावर घ्यावा, पोलिसांना सामोरं जावं.

सर्व्हरला नियत दिसत नाही, हे मी मघाशी म्हटलं. पण पाठलाग दिसतो आणि वेळ मोजता येतो. नियत ओळखता येत नाही म्हणून हात झटकायचे, याची गरज उरत नाही. वागण्यात नियतीची जी खूण उमटते, ती शोधायची. हा नियम परिपूर्ण नाही. जागा सोडून जाण्याची किंमत अजूनही खाणकामवाल्यालाच पडते. पण ओगरच्या दारापासून इथपर्यंत पुष्कळ अंतर कापलं गेलंय.

इथं कोणी विचारेल, वाट अडवणं नेहमी वाईटच का? मग रास्ता रोकोचं काय? बरोबर आहे, महाराष्ट्रात हा प्रश्न यायलाच हवा. ईव्हमध्येच त्याचं उदाहरण आहे. 2011 च्या जूनमध्ये कंपनीनं गेममध्ये अवाच्या सवा किमतीच्या वस्तू विकायला काढल्या. एका डोळ्याच्या चष्म्याची किंमत खऱ्या साठेक डॉलरच्या घरात. खेळाडू भडकले. जिटा नावाच्या मुख्य बाजारपेठेत हजारोंनी जमले आणि तिथल्या एका स्मारकावर तासन्‌तास गोळ्या झाडत राहिले. गोळ्यांनी स्मारक पडत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. या गेममध्ये 2008 पासून खेळाडूंनी मतदानानं निवडलेली एक परिषद आहे. कंपनीनं त्या परिषदेच्या सदस्यांना तातडीनं आइसलँडला बोलावून घेतलं, चर्चा केली, आणि काही महिन्यांनी कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून खेळाडूंची माफी मागितली.

हप्तावाला आणि जिटातले निदर्शक, दोघंही दुसऱ्याला त्रास देतात. पण निदर्शकांचं तोंड सत्तेकडे होतं, मागणी उघड होती, आणि मागणी मान्य झाली की ते घरी जाणार होते. हप्तावाल्यासमोर एकटा खाणकामवाला होता, आणि त्याला दुसऱ्या वर्षी परत यायचं होतं.

आता आपल्याकडे येऊ. एक विचारते. तुमच्यापैकी किती जणांच्या गेम आयडीत स्वतःचं खरं नाव आहे? हात वर करा. अरे, इतकेच? बाकीच्यांनी का नाही ठेवलं, ते मी विचारणार नाही, मला माहीत आहे. लॉबीत अनोळखी लोकांबरोबर टीम पडते, आयडीवर अमुक एक नाव दिसतं आणि माइकवरून सुरू होतं. पाकिस्तानला जा, अमुक-तमुक. सामना अजून सुरूही झालेला नसतो. मग आपण आयडी बदलतो. काहीतरी घोस्ट, काहीतरी शॅडो, पुढे तीन आकडे. किती आयडींत घोस्ट हा शब्द असतो बघा. शब्दशः भूत.

आयडी बदलणाऱ्याला मी दोष देत नाही. दिवसभर काम करून, अभ्यास करून आलेल्या पोराला अर्धा तास शांतपणे खेळायचं असतं, त्यानं तिथं लढा द्यावा अशी सक्ती कोण करणार. पण हिशेब कसा होतो ते बघा. म्यूट करायचं तुम्ही, रिपोर्टचा फॉर्म भरायचा तुम्ही, नाव बदलायचं तुम्ही. तो मात्र पुढच्या लॉबीत तसाच. अल्टिमातल्या दाराचा नियम आहे हा. दम अडलेल्याचाच खर्च होतो.

आता थोडं कडू. माइकवर मुलीचा आवाज आला की काय होतं? आपल्यातल्या अनेक मुली गेममध्ये एक शब्द बोलत नाहीत. माइक बंद, नाव मुलाचं. सामना हरला तर खापर फुटतं, जिंकला तर 'आयडी कोणाची आहे, भाईची का?' असं विचारलं जातं. हे करणारे सगळे बाहेरचे असतात का? स्वतःच्या नावावरून झालेली शिवीगाळ ज्याला झोंबते, तोच मुलगा त्याच संध्याकाळी मुलीच्या आवाजाची नक्कल करताना मी ऐकलाय. पहिल्या वेळी तो दारात अडलेला होता, दुसऱ्या वेळी तोच ओगर होता. समोर बसलेल्या भावांनो, माना खाली घालू नका, उत्तर द्या. प्रश्नोत्तरांत द्या हवं तर.

गेम कंपन्यांकडे आपण काय मागू शकतो, याची मोठी यादी करता येईल. मी एकच म्हणते. रिपोर्ट करणाऱ्याकडून पुरावा, वेळ आणि चिकाटी मागणारी व्यवस्था कंपनीनं उलटी करावी. एखाद्याला दहा वेगवेगळ्या अनोळखी लोकांनी म्यूट केलं, तर ती खूण सर्व्हरला दिसते. ती मोजायला कठीण नाही. मी हे काम करते, म्हणून खात्रीनं सांगते. काही लोक संगनमत करून एखाद्याला मुद्दाम म्यूट करतील, हे मला माहीत आहे. म्हणून तर एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांची म्यूट मोजायची.

आणि कंपनीची वाट बघायची गरजही प्रत्येक ठिकाणी नाही. इथं बसलेल्यांपैकी काही जण मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतात, काहींचे डिस्कॉर्डवर ग्रुप आहेत. तिथं नियम लिहिणारे तुम्हीच. माइनक्राफ्टमध्ये ग्रीफ प्रिव्हेन्शन नावाचं एक प्लगइन आहे. सोन्याच्या फावड्यानं जमिनीचे दोन कोपरे टिपले की तेवढी जागा तुमची. दुसऱ्याला तिथली वीट हलवता येत नाही, पण चालत येऊन तुमचं घर बघता येतं. ते नक्की टाका. पण टाकण्याआधी तुमच्या सर्व्हरवर सगळ्यात नवा, सगळ्यात लहान, सगळ्यात वाईट नेट असलेला जो खेळाडू आहे, त्याला विचारा की त्याला कुठे अडायला होतं. बहुधा तो तुम्ही ज्याचा विचारही केला नव्हता असं एखादं दार सांगेल. ईव्हचा तो पाठलागाचा नियमही उचला. कोणी जागा सोडून गेला आणि तरी मागे गेलात, तर त्या दिवसापुरते बाहेर. एवढा सोपा नियम मराठीत लिहून पहिल्या पानावर लावता येतो.

शोकसभा वगैरे ठरवायची वेळ तुमच्यावर येऊ नये. पण आलीच, तर सभेपुरती त्या तळ्याकाठची लढाई बंद ठेवायचा अधिकार ॲडमिनकडे असतो. ते बटण कुठे आहे, हे आधीच बघून ठेवा.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींकडून, आणि माइक त्यांच्यापर्यंत पोचू द्या, मधल्या भावांनी खुर्च्या जरा सरकवा.